परतीचा अनिश्चित काळ : दीर्घ आजारपणानंतरचा तरुण हॉकीपटू

खेळाडूच्या कारकिर्दीचा हिशेब सामने, गोल आणि पदके यांच्या संख्येने मांडला जातो, आणि ज्या महिन्यांत तो मैदानावर उतरूच शकला नाही ते महिने ‘दुखापतीमुळे संघाबाहेर’ एवढ्या एका ओळीत आटोपले जातात. हॉकीत राष्ट्रीय संघाची दारे सतराव्या-अठराव्या वर्षी उघडू लागतात आणि तिशी ओलांडताना मिटू लागतात, हे लक्षात घेतले तर वर्ष-दीड वर्षाची अनुपस्थिती म्हणजे कारकिर्दीचा दहावा हिस्सा ठरतो आणि तोही बहुधा तिच्या सर्वांत फलदायी टप्प्यातला असतो. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय ही अनुपस्थिती आणि त्याहून अधिक तिच्यानंतरचा काळ हा आहे. म्हणजे डॉक्टरांनी खेळण्यास अनुमती दिलेली आहे, सरावही सुरू झाला आहे, परंतु खेळाडू पूर्वीसारखा खेळेल की नाही हे त्याला, प्रशिक्षकाला आणि डॉक्टरांनाही सांगता येत नाही, असा काळ. ही अनिश्चितता इच्छाशक्तीची उणीव म्हणून पाहण्याची सवय क्रीडाजगताला आहे. वास्तविक ती बरे होण्याच्या क्रियेतच असते, हॉकीच्या नियमांत तिच्यासाठी पुरेशी जागाही आहे, आणि ती जागा निवडपद्धतीत, स्पर्धांच्या वयोगटांत आणि प्रमाणपत्रांवर चालणाऱ्या व्यवहारात मात्र नाही, असे या विवेचनाचे प्रतिपादन आहे.

क्रीडा-फिजिओथेरपीच्या क्षेत्रातील तज्ज्ञांनी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे एकत्र येऊन तयार केलेले आणि २०१६मध्ये प्रसिद्ध झालेले एक सहमतीपत्र या संदर्भात पायाभूत मानले जाते. खेळाडूचे परतणे ही एका तारखेला घडणारी घटना नसून एकमेकांत मिसळत जाणाऱ्या तीन अवस्थांची साखळी आहे, अशी मांडणी त्यात केलेली आहे. पहिली अवस्था सहभागाची असते : खेळाडू सरावाला येतो, धावतो, चेंडू हाताळतो, परंतु स्पर्धेत उतरत नाही. दुसरी अवस्था खेळाची असते : तो सामन्यात उतरतो, पण पूर्वीच्या पातळीवर नसतो. तिसरी अवस्था कामगिरीची असते, आणि तिथे तो पूर्वीइतका किंवा त्याहून चांगला खेळू लागतो. वृत्तपत्रांना आणि चाहत्यांना ‘पुनरागमन’ दिसते ते दुसऱ्या अवस्थेच्या आरंभी. तेव्हा टाळ्याही पडतात. तिसरी अवस्था येण्यास त्यानंतर कित्येक महिने लागू शकतात, कधी कधी ती येतच नाही, आणि या मधल्या महिन्यांत टाळ्या थांबून चुळबुळ सुरू होते.

हॉकीत हा मधला काळ विशेष कठीण का असतो, हे समजण्यासाठी खेळाच्या स्वरूपाकडे पाहावे लागते. १९७६च्या माँट्रिअल ऑलिम्पिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर, म्हणजे टर्फवर, खेळली गेली आणि तोवर सात सुवर्णपदके जिंकलेला भारत त्या स्पर्धेत सातव्या स्थानावर राहिला. त्या घसरणीची चर्चा भारतात कौशल्य विरुद्ध वेग अशा अंगाने भरपूर झाली; टर्फने खेळाडूच्या शरीराकडे काय मागितले याची तुलनेने कमी झाली. ओल्या आणि सपाट पृष्ठभागावर चेंडू विलक्षण वेगाने सरकतो, त्यामुळे खेळाडूला कमरेत वाकून, गुडघे दुमडून, काठी जमिनीलगत ठेवून धावावे लागते आणि त्याच स्थितीत अचानक थांबणे, वळणे व पुन्हा सुसाट सुटणे हे सामन्यात असंख्य वेळा करावे लागते. कंबरेचा खालचा भाग, मांडीच्या मागचे स्नायू (ज्यांना खेळाडू सरसकट ‘हॅमस्ट्रिंग’ म्हणतात) आणि गुडघा यांच्यावर त्याचा सर्वाधिक भार येतो. पेनल्टी कॉर्नरवर चेंडू काठीच्या वळणात अडकवून, शरीर पिळून, गोफणीसारखा फेकण्याच्या ड्रॅग फ्लिक या तंत्रात तर पुढचा पाय, कंबर आणि पाठीचा कणा या तिन्हींना एकाच क्षणी ताण सोसावा लागतो. ऑफसाइडचा नियम १९९०च्या दशकात रद्द झाला, पुढे ३५ मिनिटांच्या दोन भागांऐवजी १५ मिनिटांचे चार भाग आले, आणि खेळाचा एकूण वेळ कमी होऊनही वेग वाढतच गेला. दोन वर्षांपूर्वी ज्या खेळातून खेळाडू बाहेर पडला, त्याच वेगाच्या खेळात तो परतेल याची हमी म्हणूनच नसते.

शरीर मात्र स्वतःच्या गतीने चालते. सराव थांबल्यावर दम सर्वांत आधी कमी होतो. रक्तातील द्रवाचे प्रमाण घटते, हृदय प्रत्येक ठोक्याला कमी रक्त पुढे ढकलते, आणि दोन-चार आठवड्यांतच खेळाडूला जिना चढताना फरक जाणवतो. स्नायूंची ताकद त्यामानाने सावकाश उतरते. परत येताना क्रम उलटा होत नाही, आणि यातच धोका दडलेला असतो. दम लवकर भरून येतो, स्नायूही काही आठवड्यांत फुगू लागतात, परंतु स्नायूला हाडाशी जोडणारे कंडर आणि हाडाला हाडाशी बांधणारे अस्थिबंध यांना रक्तपुरवठा कमी असल्यामुळे ते मागे राहतात. खेळाडूला आपण तयार झालो असे वाटते आणि ते पूर्णपणे खोटेही नसते. त्याचे फुप्फुस आणि मांडी तयार असते, गुडघ्याच्या आतली दोरी तयार नसते.

गुडघ्यातील ‘एसीएल’ हा अस्थिबंध तुटल्यावर शस्त्रक्रियेने तिथे शरीराच्याच दुसऱ्या भागातील कंडराचा तुकडा बसवला जातो. हा नवा तुकडा बसवल्यानंतरच्या काही महिन्यांत आधी कमकुवत होतो, आणि मगच त्याच्यात नवे पेशीजाल व रक्तवाहिन्या निर्माण होऊन तो पुन्हा बळकट होत जातो. म्हणून किमान नऊ महिने वेगाने वळण्याचे खेळ टाळावेत, आणि नऊ महिन्यांनंतरही दोन्ही पायांची ताकद व उडी यांची तुलना करून शस्त्रक्रिया झालेला पाय दुसऱ्याच्या किमान नव्वद टक्क्यांपर्यंत पोचल्याशिवाय मैदानात उतरू नये, असा दंडक आज बहुतेक ठिकाणी सांगितला जातो. भारतीय पुरुष संघाचा आघाडीचा खेळाडू रमणदीप सिंग याच्या गुडघ्याला जून २०१८मध्ये ब्रेडा येथील चॅम्पियन्स ट्रॉफीत दुखापत झाली. त्या वर्षीच्या आशियाई क्रीडास्पर्धा आणि भुवनेश्वरचा विश्वचषक या दोहोंना त्याला मुकावे लागले. जून २०१९मध्ये तो भुवनेश्वरमध्येच राष्ट्रीय संघात परतला, परंतु टोकियो ऑलिम्पिकच्या संघात त्याला स्थान मिळाले नाही. महाराष्ट्रातील सर्वांत जवळचे उदाहरण हॉकीबाहेरचे आहे : बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा धावपटू अविनाश साबळे जुलै २०२५मध्ये मोनॅकोच्या स्पर्धेत पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला, त्याचा हाच अस्थिबंध तुटला, आणि त्या वर्षीची टोकियोतील जागतिक स्पर्धा त्याच्याविना झाली.

भारतीय हॉकीत या विषयाचा विचार करताना दोन ड्रॅग फ्लिकर एकमेकांशेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. जुगराज सिंग २००१मध्ये होबार्ट येथे कनिष्ठ विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता, आणि २००३पर्यंत, विशीतच, तो जगातील भेदक ड्रॅग फ्लिकरांमध्ये गणला जाऊ लागला होता. सप्टेंबर २००३मध्ये, क्वालालंपूरच्या आशिया चषकाच्या तोंडावर, जालंधरजवळ त्याच्या मोटारीला अपघात झाला. भारताने तो आशिया चषक पाकिस्तानला अंतिम सामन्यात हरवून जिंकला, पण ज्याच्या भरवशावर तो जिंकण्याची आखणी झाली होती तो रुग्णालयात होता. जुगराज चालू लागला, पुन्हा काठी हाती घेऊन देशांतर्गत पातळीवर खेळलाही; भारताच्या संघात मात्र त्याला पूर्वीची जागा मिळाली नाही, आणि त्याचे ज्ञान पुढे प्रशिक्षकाच्या भूमिकेतून ड्रॅग फ्लिकरांच्या पुढच्या पिढ्यांना मिळाले.

जुगराजच्या रिकाम्या झालेल्या जागेवर जो मुलगा आला तो हरियाणातील शाहाबाद मारकंडाचा संदीप सिंग. तो २००४च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये अठराव्या वर्षी खेळला. २२ ऑगस्ट २००६ रोजी, जर्मनीतील विश्वचषकासाठी निघण्याच्या बेतात असताना, शताब्दी एक्सप्रेसमध्ये एका सुरक्षा जवानाच्या बंदुकीतून चुकून सुटलेली गोळी त्याच्या कमरेजवळ लागली. ड्रॅग फ्लिक ज्या भागाच्या पिळातून निर्माण होतो नेमका तोच भाग जायबंदी झाला. काही काळ तो चाकाच्या खुर्चीला खिळून होता. २००८मध्ये तो राष्ट्रीय संघात परतला, २००९मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने १९९५नंतर प्रथमच अझलन शाह चषक जिंकला, आणि फेब्रुवारी २०१२मध्ये दिल्लीतील ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेच्या अंतिम सामन्यात फ्रान्सविरुद्धच्या आठ गोलांपैकी पाच त्याचे होते. २०१८मध्ये त्याच्यावर ‘सूरमा’ हा चित्रपट निघाला.

चित्रपट निघावा अशीच ही कथा आहे यात शंका नाही, परंतु जुगराजवर चित्रपट निघाला नाही ही गोष्टही त्याच विषयाचा भाग आहे. अपघाताच्या वेळी दोघांचे वय सारखे, कौशल्य सारखे, जिद्दीत काही उणे-अधिक असल्याचा पुरावा कोणाकडे नाही. कोणत्या हाडाला, कोणत्या नसेला आणि किती इजा झाली, हाताशी कोणते डॉक्टर होते, त्या काळात संघात जागा रिकामी होती की भरलेली, यांवर एकाचे परतणे आणि दुसऱ्याचे न परतणे ठरले असण्याची शक्यता अधिक दिसते. यशस्वी पुनरागमनाच्या कथा जिद्दीच्या भाषेत सांगितल्या जातात तेव्हा न परतलेल्यांवर नकळत जिद्द कमी पडल्याचा ठपका बसतो, आणि सोळा-सतरा वर्षांचा आजारी खेळाडू तो ठपका टाळण्यासाठी वेदना लपवू लागतो. शाळा-महाविद्यालयांच्या कार्यक्रमांत अशा चित्रपटांचे दाखले देणाऱ्या वक्त्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे. संदीप सिंगच्या कथेचा उत्तरार्धही क्वचितच सांगितला जातो : ज्या लंडन ऑलिम्पिकसाठी त्याने भारताला पात्र ठरवले, तिथे भारत बाराव्या, म्हणजे अखेरच्या, स्थानावर राहिला.

कोवळ्या वयातील आजारपणाचे उदाहरण विवेक सागर प्रसाद याचे आहे. मध्य प्रदेशातील इटारसीजवळच्या गावातील एका शिक्षकाचा हा मुलगा भोपाळच्या राज्य हॉकी अकादमीत मेजर ध्यानचंद यांचे पुत्र आणि १९७५च्या विश्वचषक विजयाचे मानकरी अशोककुमार यांच्या हाताखाली शिकला. २०१५मध्ये सरावात त्याच्या खांद्याजवळच्या हाडाला दुखापत झाली. दुखापत स्वतः फार असाधारण नव्हती, परंतु तिच्यापाठोपाठ उद्भवलेल्या अंतर्गत गुंतागुंतीने त्याच्या जिवावर बेतले आणि त्याला दीर्घकाळ रुग्णालयात काढावा लागला. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, जानेवारी २०१८मध्ये, अठरा पूर्ण होण्याआधीच तो भारताच्या वरिष्ठ संघातून खेळला, त्याच वर्षी ब्युनॉस आयर्सच्या युवा ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या संघाचा कर्णधार झाला, आणि टोकियो व पॅरिस या दोन्ही ऑलिम्पिकमधील कांस्यपदकांचा भागीदार झाला. यातील महत्त्वाचा धागा असा की, आजारपणाच्या वेळी तो पंधरा वर्षांचा होता, अकादमीत त्याची जागा टिकली, आणि वरिष्ठ संघाच्या निवडीला अजून अवकाश होता. हाच आजार अठराव्या वर्षी, निवडचाचणीच्या महिन्यात आला असता तर काय झाले असते, याचे उत्तर कोणत्याही जिद्दीत सापडत नाही.

आतापर्यंतची बहुतेक उदाहरणे दुखापतीची आहेत, आणि दुखापतीला एक सोय असते : ती दिसते. पायाला प्लास्टर आहे, हातात कुबडी आहे, तोवर खेळाडूकडून धावण्याची अपेक्षा कोणी करत नाही. दीर्घ आजारपण असे दाखवता येत नाही. क्षयरोगाचा नेहमीचा उपचारक्रम सहा महिन्यांचा असतो, आणि त्यातील पहिल्या दोन महिन्यांनंतर रुग्णाला बरे वाटू लागते, वजन वाढते, खोकला जातो. उरलेले चार महिने तो चारचौघांच्या नजरेत निरोगी असतो आणि तरीही रुग्ण असतो. डेंग्यूनंतरचा थकवा काही आठवडे रेंगाळतो आणि रक्ततपासणीचे सगळे आकडे तोवर सुधारलेले असतात. विषाणूजन्य तापात क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. अशा वेळी कित्येक महिने जोरकस व्यायाम वर्ज्य सांगितला जातो, कारण सुजलेल्या हृदयावर पडलेला ताण प्राणघातक ठरू शकतो. मुलींमध्ये रक्तक्षय, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिन कमी असणे, ही तर एवढी सर्वसाधारण अवस्था आहे की तिला आजार म्हणूनच पाहिले जात नाही. चौथ्या सत्रात मागे पडणाऱ्या मुलीला आळशी म्हटले जाते आणि तिच्या रक्ताची तपासणी कोणी करत नाही.

न दिसणाऱ्या आजारपणाचे सर्वांत बोलके उदाहरण बर्फावरील हॉकीतले आहे. कॅनडात आणि अमेरिकेत ‘हॉकी’ म्हटले की हाच खेळ अभिप्रेत असतो. त्यात चेंडूऐवजी रबराची चकती असते, खेळाडू स्केट्स घालून बर्फावर सरकतात आणि एकमेकांना अंगाने धडक देणे नियमात बसते. शिकागोच्या संघाला २०१०, २०१३ आणि २०१५ अशी तीन विजेतेपदे मिळवून देणारा कर्णधार जोनाथन टेव्झ २०२०-२१चा संपूर्ण मोसम खेळू शकला नाही. शरीराची प्रतिकारयंत्रणा दीर्घकाळ बिथरलेली राहण्याचा विकार झाल्याचे त्याने पुढे जाहीर केले. तो परतला, पुन्हा आजारी पडला, २०२३मध्ये शिकागोचा निरोप घेऊन दोन मोसम खेळापासून दूर राहिला, आणि २०२५मध्ये आपल्या जन्मगावाच्या, विनिपेगच्या, संघातून पुन्हा बर्फावर उतरला. या दूर राहण्याच्या काळात, २०२४च्या अखेरीस, त्याने भारतात येऊन पंचकर्म करून घेतले, ही बातमी इथल्या वाचकांना सुखावणारी आहे. मात्र पंचकर्म, विश्रांती, वय आणि काळ यांपैकी कशाने किती गुण आला हे एका रुग्णावरून ठरवता येत नाही.

त्याच खेळातील सिडनी क्रॉस्बी याच्या डोक्याला जानेवारी २०११च्या पहिल्या आठवड्यात लागोपाठ दोन सामन्यांत मार बसला. डोक्याला बसलेल्या धक्क्याने मेंदूचे कार्य तात्पुरते बिघडते, त्याला खेळाडू ‘कन्कशन’ म्हणतात; हाड मोडत नाही, साध्या स्कॅनमध्ये बहुधा काही दिसत नाही, पण प्रकाश सहन होत नाही, तोल जातो, लक्ष लागत नाही. क्रॉस्बी २१ नोव्हेंबर २०११ रोजी परतला तो दोन गोल आणि दोन गोलसाहाय्य करतच, आणि वृत्तपत्रांनी पुनरागमन पूर्ण झाल्याचे जाहीर करून टाकले. डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यानंतर लक्षणे उलटली आणि तो मार्च २०१२पर्यंत पुन्हा बाहेर राहिला. पुढे त्याने २०१४चे ऑलिम्पिक सुवर्ण आणि आणखी दोन विजेतेपदे मिळवली. पहिल्या सामन्यातील चमकदार खेळ हा बरे झाल्याचा पुरावा नसतो, एवढे तरी या उदाहरणावरून निश्चित म्हणता येते.

भारतात याच मधल्या काळाचा ताण राणी रामपाल यांनी सोसला. २०१०च्या विश्वचषकात पंधराव्या वर्षी खेळलेल्या आणि टोकियोत भारतीय महिला संघाला चौथ्या स्थानापर्यंत नेणाऱ्या या कर्णधाराला त्यानंतर हॅमस्ट्रिंगच्या दुखापतीने अनेक महिने बाहेर ठेवले. जून २०२२मध्ये प्रो लीगच्या सामन्यांत त्या परतल्या, पण पूर्णपणे तंदुरुस्त नसल्याच्या कारणावरून जुलैच्या विश्वचषकासाठी त्यांची निवड झाली नाही. जानेवारी २०२३च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर त्यांना पुन्हा बोलावले गेले, नंतर त्या पुन्हा बाहेर राहिल्या, आणि ऑक्टोबर २०२४मध्ये वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्यांनी निवृत्ती जाहीर केली. या निर्णयांपैकी कोणता योग्य आणि कोणता अन्याय्य, याचा निवाडा वैद्यकीय अहवाल हाती नसताना करणे उचित नाही. निवडसमिती आणि खेळाडू यांच्यामध्ये ‘तंदुरुस्त’ आणि ‘अतंदुरुस्त’ असे दोनच कप्पे उपलब्ध होते, आणि राणी रामपाल यांची अवस्था त्या दोहोंच्या मधली होती, हे मात्र बाहेरूनही दिसत होते.

विशेष असे की, ही मधली अवस्था सामावून घेण्याची सोय हॉकीच्या नियमांत आहे. फुटबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. हॉकीत बदली खेळाडूंवर अशी मर्यादा नाही, खेळ चालू असताना कितीही वेळा खेळाडू बाहेर येतो आणि पुन्हा आत जातो. त्यामुळे आजारपणातून उठलेल्या खेळाडूला पहिल्या सामन्यात तीन-तीन मिनिटांच्या दोन खेपा, पुढच्या आठवड्यात चार खेपा, त्यानंतर एक संपूर्ण सत्र, अशी मोजून चढती मात्रा सामन्यातच देता येते. पेनल्टी कॉर्नर दिला गेल्यापासून तो पूर्ण होईपर्यंत तेवढा बदल करता येत नाही. अडचण संघाच्या आकाराची आहे. ऑलिम्पिकसारख्या स्पर्धेत संघ सोळा जणांचा असतो, अकरा मैदानात आणि पाच बाहेर, आणि सततच्या बदलांवर चालणाऱ्या आजच्या वेगवान खेळात त्या पाचांपैकी एक अर्धाच भार उचलणारा असेल तर उरलेल्यांच्या वाट्याला अधिक धाव येते. सर्वोच्च स्पर्धेत निवडसमितीने कठोर व्हावे हे म्हणूनच समजण्यासारखे आहे. जिल्हा, विद्यापीठ आणि राज्य पातळीवर तेच कठोरपण आंधळेपणाने उचलले जाते, हे समजण्यासारखे नाही. तिथे एका साखळी सामन्याच्या निकालापेक्षा एका सतरा वर्षांच्या गुडघ्याचे मोल अधिक असावयास हवे.

महाराष्ट्रात हा प्रश्न आणखी एका बाजूने अवघड होतो. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत होतात, कनिष्ठ विश्वचषक एकवीस वर्षांखालील आहे आणि आजारपणामुळे गेलेले वर्ष यांपैकी कोणत्याही गटात वजा करून दिले जात नाही. दहावी-बारावीच्या परीक्षांत खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण आणि शासकीय नोकऱ्यांतील पाच टक्के क्रीडा आरक्षण हे दोन्ही स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर अवलंबून असतात. या योजना चांगल्या हेतूने आल्या आहेत आणि त्यांनी असंख्य घरांना आधार दिला आहे. परंतु बारावीच्या वर्षी कावीळ झालेल्या मुलाच्या घरात जेव्हा ‘एवढी एक स्पर्धा खेळून घे, मग विश्रांती घे’ असे म्हटले जाते, तेव्हा तो निर्णय खेळप्रेमातून आलेला नसतो. एका कागदाच्या तुकड्याने भविष्य बदलते हे पालकांना नीट ठाऊक असते. वैद्यकीय कारणाने स्पर्धेला मुकलेल्या खेळाडूस वयोगटात एका वर्षाची सूट आणि आदल्या वर्षीच्या पात्रतेचा लाभ देण्याची तरतूद झाली, तर घाईच्या परतीमागचे सर्वांत बळकट कारण नाहीसे होईल. निवासी प्रबोधिन्यांच्या बाबतीतही हेच लागू पडते. फलटण तालुक्यातील आसूसारख्या गावातून वैष्णवी फाळके यांच्यासारखी खेळाडू पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीमार्गे भारतीय संघापर्यंत पोचली, ती राहणे, खाणे, शिक्षण आणि टर्फ एका आवारात मिळाल्यामुळे. असा खेळाडू आजारी पडून गावी गेला की चारही गोष्टी एकदम सुटतात, आणि त्याची जागा राखून ठेवली आहे की नाही यावर तो परतण्याचा विचार करील की नाही हे ठरते.

नवी मुंबईतील उलव्यासारख्या वसाहतीत या चर्चेला भूगोलाचे एक परिमाण मिळते. सिडकोने आखलेल्या या नोडमध्ये विमानतळासाठी विस्थापित झालेल्या गावांतील कुटुंबे, जुने आगरी-कोळी ग्रामस्थ आणि मुंबईतून घरासाठी आलेली तरुण कुटुंबे एकत्र नांदतात. इथल्या मुलांचा ओढा कबड्डी आणि क्रिकेटकडे आहे. हॉकी शिकणाऱ्या मुलास मुंबईतील या खेळाचे जुने केंद्र, चर्चगेटजवळचे महिंद्रा स्टेडियम, गाठायचे तर खारकोपर किंवा बामणडोंगरीहून नेरूळ अथवा बेलापूरला जाणे, तिथे हार्बरची गाडी धरणे आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पुढे पायी अथवा बसने जाणे असा प्रवास करावा लागतो. अटल सेतूने मोटारीचे अंतर घटवले आहे, पण त्यावरून लोकल जात नाही. निरोगी मुलाला हा प्रवास कंटाळवाणा वाटतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा क्षयाच्या उपचारातून नुकत्याच बाहेर आलेल्या मुलासाठी मात्र गर्दीत उभे राहून केलेला हा प्रवास म्हणजे सरावाआधीच झालेला अर्धा सराव असतो, आणि प्रशिक्षकाच्या वहीत त्याची नोंद कोठेच होत नाही.

तथापि बर्नच्या तीन अवस्था पुन्हा पाहिल्या तर असे दिसते की, पहिल्या अवस्थेतील बहुतांश कामाला टर्फ लागतच नाही. दोन्ही पायांची ताकद सारखी करणे, एका पायावर तोल सांभाळणे, कमरेचे व पाठीचे स्नायू घडवणे, धावण्याचे अंतर आठवड्यागणिक वाढवणे आणि काठीने चेंडू ताब्यात ठेवण्याचे तंत्र हे सगळे सोसायटीच्या व्यायामशाळेत, सेक्टरमधील मैदानावर किंवा शाळेच्या पटांगणात होऊ शकते. त्यासाठी आठवड्यातून एकदा प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टची भेट आणि रोजची वही पुरते. त्या वहीत झोप, सकाळची नाडी, वेदनेची मात्रा आणि दिवसभराच्या हालचालीचा, म्हणजे लोकलच्या प्रवासाचाही, हिशेब असावा. टर्फ लागते ते वेगाने वळण्याच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या अंगाशी झगडण्याच्या सरावाला, म्हणजे शेवटच्या काही महिन्यांत, आणि तेव्हाही आरंभी आठवड्यातून दोन दिवस पुरेसे असतात. ते दोन दिवस सलग नसावेत, शक्य तर शनिवारी-रविवारी नसावेत कारण त्या दिवशी मैदानावर सामन्यांची गर्दी असते, आणि गाडीत बसायला जागा मिळेल अशा दुपारच्या वेळेचे असावेत.